गोल केला की बाजू बदल

मागच्या वर्षी मुलींच्या फुटबॉलची अंतिम मॅच शून्य-शून्य सुटली. जादा वेळेतही कोणी गोल करीना. पेनल्टीला दोन्हीकडच्या मिळून दहा पोरींनी चेंडू एकतर गोलकीपरच्या हातात दिला, नाहीतर सरळ कुंपणावर मारला. शेवटी नाणं उडवून निकाल लावावा लागला. तोवर मैदानात बघायला उरले होते दोघे-तिघे पालक, एक कुल्फीची गाडी आणि बक्षीस वाटायला आलेले भूपेंद्रभाऊ.

भूपेंद्रभाऊंचा जळगावात ठिबकच्या नळ्यांचा व्यापार. स्पर्धेचा मंडप, पोरींचे टी-शर्ट, केळी-ग्लुकोज असा सगळा भार तेच उचलायचे, त्यामुळे समितीच्या बैठकीत त्यांचा शब्द वजनदार. या वर्षी त्यांनी आल्या आल्याच सांगून टाकलं, की खेळ असा करा की आलेला माणूस उठून जाता कामा नये. नियम बदला. नियम काही देवाने दगडावर कोरून दिलेले नाहीत.

समितीत चार शाळांचे क्रीडाशिक्षक होते. एक म्हणाले, गोलची चौकट रुंद करू. दुसरे म्हणाले, शेवटची दहा मिनिटं गोलकीपरच काढून टाकू. नूतन मॅडम गप्प होत्या. मुलींच्या शाळेत वीस वर्षं गळ्यात शिट्टी अडकवून काढलेली ही बाई बैठकीत फारसं बोलत नसे. त्या दिवशी मात्र तिच्या तोंडून निघून गेलं, "जी गोल करेल, तिनं समोरच्या संघात जायचं."

आधी सगळे हसले. मग तिने समजावून सांगितलं. पुढे असलेला संघ दर गोलाला आपली एक चांगली खेळाडू घालवून बसतो आणि मागे पडलेल्याला ती मिळते. अकरा विरुद्ध अकराचे दहा विरुद्ध बारा होतात. मॅच एकतर्फी होतच नाही, आणि शेवटच्या मिनिटापर्यंत कोणालाच काही सांगता येत नाही. भूपेंद्रभाऊंनी चहाचा कप खाली ठेवला आणि हे कोणाचं डोकं म्हणून विचारलं.

त्याच क्षणी तिने नाव घ्यायला हवं होतं. पण ती एवढंच म्हणाली, की लहानपणी आम्ही असं खेळायचो. आठवड्याने शाळांना परिपत्रक गेलं, त्यात लिहिलं होतं: नूतन मॅडमचा नियम.

परिपत्रक हातात घेऊन ती घरी आली. नवरा हितेंद्र डाळ मिलमधून दमून आलेला. त्याने ते वाचून कौतुक केलं, आणि नूतनला त्या रात्री जेवण गेलं नाही. तो नियम कामिनीचा होता.

नूतनच्या लहानपणी सावद्याला केळीच्या गाड्या भरायच्या जागेमागे एक उघडं रान होतं. शाळेतल्या सरांना फुटबॉलचं वेड, आणि त्या वेडापायी त्यांनी मुलींनाही चेंडू दिला. पण चेंडू दिला म्हणून पोरी थोड्याच मिळतात? घरोघरी विचारून, हातापाया पडून जमल्या त्या नऊ. कापून टाकलेले केळीचे खांब उभे करून गोल करायचे. त्यांचा चीक फ्रॉकला लागला की डाग जन्मात जायचा नाही, आणि त्यावरून प्रत्येकीचा आईकडून रोज उद्धार व्हायचा.

नऊ जणींचे दोन संघ म्हणजे चार आणि पाच. त्यात कामिनी. पायात चेंडू आला की ती अशी निघायची, की समोरची पोर नुसती बघत राहायची. ती ज्या बाजूला ती बाजू जिंकलीच. दहा मिनिटांत बाकीच्यांचा जीव खेळातून उडायचा, आणि दोघी-तिघी घरी जातो म्हणायच्या. एकदा अशाच चौघी चपला घालून निघाल्या, तेव्हा कामिनीनेच वाट अडवली. म्हणाली, मी गोल केला की तुमच्याकडं येते, मग तर खेळाल? मग तो सगळ्यांचाच नियम झाला. त्यात पुढे तिनेच एक खोच काढली. चेंडू स्वतः न्यायचा आणि गोलच्या तोंडाशी आपल्यातल्या सगळ्यात कच्च्या पोरीला द्यायचा. गोल तिच्या नावावर, आणि बाजू बदलून जाते तीही तीच. कच्ची पोर पण खूश, आणि आपला संघ शाबूत.

नूतन कच्ची नव्हती. कामिनीच्या खालोखाल तीच. दोघी शेजारच्या गल्लीतल्या, एकाच सायकलवर शाळेत जाणाऱ्या. पण या नियमामुळे दोघी एका बाजूला फार वेळ कधी टिकायच्याच नाहीत. एकीचा गोल झाला की ती पलीकडे. नूतनला ते आवडायचं नाही, आणि तसं तिने कधी बोलूनही दाखवलं नाही.

बारावीच्या वर्षी जिल्ह्याच्या निवडीत कामिनीचं नाव आलं. पुण्याला पंधरा दिवसांचं शिबिर, त्यातून पुढे राज्याचा संघ. जिल्ह्यातून एकच जागा, आणि राखीव म्हणून नूतन. कामिनीचे वडील निंबा नाना केळीचे बागायतदार, तोंडाने कमी आणि डोळ्यांनी जास्त बोलणारा माणूस. त्यांनी नूतनला अंगणात बोलावून घेतलं, म्हणाले, तू लिहिती-वाचती पोरगी आहे, खरं सांग. तिथं पोरींना शिकवणारे कोण? बाया का माणसं?

शिकवणारे पुरुषच होते. पण मुलींबरोबर एक बाई राहणार, रात्रीसुद्धा त्याच खोल्यांजवळ राहणार, हेही निवडीबरोबर आलेल्या चिठ्ठीत लिहिलेलं होतं. ती चिठ्ठी दोघींनी मिळून चारदा वाचली होती. नूतन म्हणाली, "माणसं." पुढचं वाक्य तिच्या जिभेवर होतं आणि तिने ते गिळलं. कामिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तीही काही बोलली नाही. निंबा नानांनी मान हलवली आणि बागेत निघून गेले.

पुण्याला नूतन गेली. ती परत आली तोवर कामिनीचं लग्न लागून ती चाळीसगावला गेलेली होती. बी-बियाणांचं दुकान असलेलं घर, नवऱ्याचं नाव अमृत, एवढं नूतनला आईकडून कळलं. या गोष्टीला चोवीस वर्षं झाली. जळगाव ते चाळीसगाव रेल्वेने दीड तासाचं अंतर, पण नूतन त्या स्टेशनवर कधी उतरली नाही. मुंबईला जाताना गाडी तिथे थांबली की ती खिडकीतून फलाटाकडे बघायची. पदर खोचलेली, झपझप चालणारी एखादी बाई दिसली की तिचं काळीज लकाकायचं. गाडी सुटली की तेही विझायचं.

तर नव्या नियमाने स्पर्धा सुरू झाली. पहिल्या दिवशी सगळा घोळच. गोल केलेली पोर आनंदाने उड्या मारायची आणि मग रडकुंडीला यायची, कारण आता मैत्रिणींच्या विरुद्ध खेळायचं. एकीने तर मुद्दामच चेंडू बाहेर मारला, बाजू बदलावी लागू नये म्हणून. लोक मात्र जागेवरून हलत नव्हते. कुल्फीच्या तीन गाड्या लागल्या.

तिसऱ्या दिवशी चाळीसगावच्या एका शाळेचा संघ उतरला. या पोरींना काही समजावून सांगायची गरजच पडली नाही. सात नंबरची एक उंच, सावळी मुलगी तिघींना चुकवून गोलपर्यंत गेली. समोर चौकट मोकळी होती, तरी तिने चेंडू मारला नाही. बाजूला पळत आलेल्या एका बुटक्या, घाबरट पोरीच्या पायाशी अलगद सरकवला. तिने नुसता पाय लावला. गोल. बुटकी पोर हसत हसत पलीकडच्या संघात गेली आणि सात नंबर आपल्या जागेवर परत आली.

नूतन रेघेवर उभी होती. शिट्टी तोंडात तशीच राहिली.

मॅच संपल्यावर तिने त्या मुलीला गाठलं. मुलीचं नाव दिपमाला. हे कुठं शिकलीस, असं विचारल्यावर ती सहज म्हणाली, "आमनी काकूनी शिकाडेल शे. आम्ही गल्लीमा पहिलेपासून असंच खेळतस." सख्खी काकू नव्हे, गल्लीची काकू. मार्केट यार्डाजवळ बियाणांचं दुकान आहे ती. गुडघा दुखतो म्हणून स्वतः धावत नाही, ओट्यावर बसून ओरडते.

रविवारी नूतन चाळीसगावला उतरली. दुकान सापडायला वेळ लागला नाही. गल्ल्यामागे कामिनी बसलेली. अंगाने भरलेली, केसांत पांढरं, डाव्या गुडघ्याला पट्टा. गिऱ्हाइकाला कपाशीच्या बियाण्याची दोन पाकिटं काढून देत होती. तिने वर पाहिलं, ओळखलं, आणि गिऱ्हाइकाला सुटे पैसे मोजून दिले. मग आतून एक स्टूल आणून समोर ठेवलं.

पाणी झालं, चहा झाला. पोराबाळांची चौकशी झाली. निंबा नाना चार वर्षांपूर्वी गेले, हे नूतनला माहीत होतं, तरी तिने ते पुन्हा ऐकून घेतलं. मग तिने परिपत्रकाचं सांगितलं, त्यात कोणाचं नाव छापलं तेही सांगितलं. आणि त्याच दमात अंगणातलं जुनं वाक्यही बाहेर काढलं. चिठ्ठीत बाई असल्याचं लिहिलं होतं. मला माहीत होतं. मी नानांना सांगितलं नाही. मला जायचं होतं.

कामिनी म्हणाली, "चिठ्ठी मी बी वाचली व्हती ना. मी तिथंच उभी व्हती. नानांसमोर बोलायची मले हिंमत नही झाली. मले वाटलं, तू बोलशील."

बाहेर एक ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ दुकानात आली. कामिनीने फडक्याने गल्ला पुसला आणि एकदम विचारलं, "तिथं गवत व्हतं का वं?"

"होतं. पूर्ण मैदानभर. सकाळी ओलं असायचं, बूट घसरायचे."

"मले वाटलंच. मी मनात गवतच धरलं व्हतं. आन् तू कोणत्या जागेवर खेळली?"

चोवीस वर्षांत हा प्रश्न नूतनला शंभरदा विचारला गेला होता, आणि शंभरदा तिने उत्तर दिलं होतं. डावीकडून, पुढच्या फळीत. सावद्यात तिच्या नावाने पेढे वाटले गेले होते. शिबिराच्या प्रमाणपत्रामुळे नोकरी मिळायला हातभार लागला होता. तिने पदराचा काठ बोटाला गुंडाळला.

"मी खेळले नाही, कामिनी. पहिल्या दिवशी नुसतं पळवून पाहिलं आणि बाजूला बसवलं. पंधरा दिवस पाण्याच्या बाटल्या भरल्या. मॅचमध्ये एक मिनिट नाही."

"एक मिनिट बी नही?"

"नाही."

कामिनी उठली. आत गेली, भांड्यांचा थोडा आवाज झाला, आणि ती बऱ्याच वेळाने बाहेर आली.

"मी इतके दिवस तुले खेळवलं वं. भाकरी थापताना, दुकानात बसेल असताना. मी तुले बॉल द्यायची, तू गोल करायची. मी म्हणायची, जाऊ दे, आपल्यातली एक तर तिथं पळू राह्यली. आन् तू बसेल व्हती."

नूतन रडली. कामिनीने तिला रडू दिलं, समजूत घातली नाही आणि रागही धरला नाही. मग नूतनने डोळे पुसून अंतिम मॅचचं आमंत्रण दिलं. तिथे सगळ्यांसमोर तुझं नाव घेते म्हणाली. नियम तुझा आहे, लोक वेडे झालेत बघून.

कामिनीने मान हलवली. "तो नियम मी हौसेनं नही केला. आपण नऊच व्हतो, त्या बी पळून चालल्या व्हत्या, म्हणून केला. मले साधी मॅच खेळायची व्हती. अकरा इकडं, अकरा तिकडं. पांढऱ्या रेघा, शिट्टी, पूर्ण नव्वद मिनिटं. सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तू माझ्याच बाजूला. मग लोकांना कंटाळा आला असता तरी चाललं असतं."

ती अंतिम मॅचला आली नाही. तिच्या गल्लीच्या पोरी मात्र अंतिम फेरीत होत्या. सात गोल झाले. मैदानाच्या कडेला लोक उभे राहिले आणि कोणी जागा सोडली नाही. शेवटी सुवर्णपदकं सुरुवातीच्या संघाला द्यायची की शेवटी ज्या बाजूला होत्या त्यांना, यावरून समितीत अर्धा तास वाद झाला. दिपमालेच्या शाळेला चषक मिळाला. नूतनने माइक हातात घेऊन सांगितलं, की हा नियम सावद्याच्या कामिनीचा आहे, माझा नाही, आणि परिपत्रकात चूक झाली ती माझ्यामुळे. टाळ्या पडल्या. भूपेंद्रभाऊंना त्यात काही विशेष वाटलं नाही. नियम चालला, हे त्यांना पुरेसं होतं.

ते खुशीत आहेत हे पाहून तिने मैदान मागितलं. जानेवारीतला एक रविवार, पस्तिशीच्या पुढच्या बायकांची एक मॅच, जुन्या, बाजू न बदलायच्या नियमाने. भूपेंद्रभाऊंनी विचारलं, बघायला कोण येईल? ती म्हणाली, कोणी नाही आलं तरी चालेल.

बावीस बायका जमवायला तिला अडीच महिने लागले. जिल्ह्यातल्या क्रीडाशिक्षिका, भुसावळची एक नर्स, धुळ्याची हँडबॉल खेळलेली एक पोलीस हवालदार, शाळेतल्या पोरींच्या धडधाकट आया. सावद्याच्या बाकीच्या सात जणींपैकी एकटी रत्ना तयार झाली. तिने सुनेचे बूट मागून आणले. कामिनीचा होकार सगळ्यात शेवटी आला. डॉक्टर नको म्हणतो, पण मी येते, एवढंच ती फोनवर बोलली.

त्या दिवशी ती अमृतबरोबर पहाटेच्या गाडीने आली. नवऱ्याच्या हातात तिची पिशवी. तो बुजरा माणूस मंडपातल्या खुर्चीवर बसला आणि शेवटपर्यंत तिथून उठला नाही. कामिनीने ट्रॅकपँटवर टी-शर्ट चढवला, गुडघ्याचा पट्टा घट्ट केला आणि पांढऱ्या रेघेजवळ येऊन क्षणभर थांबली. मग उजवा पाय टाकून आत आली. मैदानात गवत कुठे होतं, कुठे नव्हतं. जिथे होतं तिथे ती मुद्दाम चालून आली.

शिट्टी झाली. खेळ म्हणावा तर चेंडूमागे बावीस बायकांची नुसती धापा टाकत पळापळ. पण नवव्या की दहाव्या मिनिटाला कामिनीला चेंडू मिळाला. ती पूर्वीसारखी निघाली नाही. तेवढा वेग आता नव्हता. तिने मान वर न करताच डावीकडे चेंडू सोडला, आणि नूतन नेमकी तिथेच पोचत होती. तिला हाक मारावी लागली नव्हती. नूतनने मारलेला चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि कामिनी हसली, तोंड उघडं टाकून, धाप लागलेली असताना.

तेविसाव्या मिनिटाला वळताना तिचा गुडघा दगा देऊन गेला. धक्का कोणाचा नव्हता. ती बसली ती उठेना. नर्सने खेळ थांबवून पाहिलं, आता पुरे म्हणाली. दोघी-तिघींनी धरून तिला रेघेबाहेर खुर्चीवर नेलं. राखीव अशी कोणी नव्हतीच.

नूतन तिच्याबरोबर बाहेर गेली आणि खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. बूट सोडायला खाली वाकली. पुरे आता, ती म्हणाली, मी पण नाही खेळत, आपण दोघी इथंच बसू.

कामिनीने तिच्या हातावर चापट मारून बुटाची नाडी तिच्या बोटांतून सोडवली.

"आपल्या दहाच राह्यल्या. तू कायले आली इथं? जा."

"तुला सोडून..."

"बसायचं काम तू करेल आहे. आता मी करते. जा वं."

नूतन आत गेली. उरलेला सगळा वेळ खेळली. शेवटच्या पंधरा मिनिटांत पोटात कळ यायला लागली, एकदा तोंडघशी पडली, कोपर सोललं. पण ती थांबली नाही. तिचा संघ एका गोलाने हरला. बाहेरून कामिनीचा आवाज सारखा येत होता. रत्नाला मागे बोलावत होती, हवालदारीणबाईंना डावीकडे ढकलत होती. नूतनचं नाव मात्र तिने घेतलं नाही. नुसतं बघत होती.

मॅच संपल्यावर बायकांनी फोटो काढले, केळी खाल्ली आणि आपापल्या गाड्या-रिक्षांनी पांगल्या. चाळीसगावच्या गाडीला अजून तीन तास होते. अमृतने नूतनच्या घरी जाऊन आराम करायचं सुचवलं, तिचं घर जवळच होतं. कामिनी म्हणाली, थोडं थांबू. तिचा पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवलेला, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. मंडपवाले खुर्च्या गोळा करत होते, त्यांनी यांच्या तेवढ्या सोडल्या. कामिनी रिकाम्या मैदानाकडे बघत बसली, आणि नूतन तिच्या शेजारी बसून राहिली.